वेग आणि उंची

पनवेलला नसांची तपासणी करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एनसीव्ही’ लिहिलेलं असतं, पेशंटच्या तोंडी मात्र ती ‘शॉकची टेस्ट’. हार्बर लाइन इथे संपते, पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता इथून फुटतो. त्यामुळे आमच्या बाहेरच्या बाकावर उरणचा मच्छीमार, तळोज्याच्या कारखान्यातला फिटर, पेणचा मूर्तिकार, कर्जतकडची शेतकरी बाई आणि नवीन पनवेलचे निवृत्त साहेब शेजारीशेजारी बसलेले दिसतात. तक्रारी फिरून फिरून त्याच: हाताला मुंग्या येतात, तळपायाची आग होते, धरलेली वस्तू निसटते, पायातली चप्पल कधी सुटली ते कळत नाही. आणि तपासणी संपली की प्रश्नही एकच असतो, “मॅडम, नस चालू आहे ना?”

या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. नसेबद्दल विचारायला हव्या अशा गोष्टी दोन आहेत, आणि रिपोर्ट देण्याचा अधिकार डॉक्टरांचा असल्यामुळे टेबलाशी उभं राहून त्या समजावून सांगणं मला जमत नाही. पण ज्याला त्या समजतात, तो घाबरायचं कधी आणि घाई करायची कधी हे ओळखू शकतो. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तपासणी कशी होते ते सांगते. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तिथे मी इलेक्ट्रोड चिकटवते, हाताला अर्थिंगची पट्टी बांधते आणि मनगटाच्या मधोमध स्टिम्युलेटरची दोन टोकं टेकवून विजेचा एक छोटा धक्का देते. तो सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतकाच वेळ टिकतो. अंगठा आपोआप उडतो आणि स्क्रीनवर एक लाट उमटते. मग तोच धक्का कोपराशी. लाट पुन्हा उमटते, फक्त जराशी उशिरा. समजा मनगटावरून लाट यायला साडेतीन मिलिसेकंद लागले आणि कोपरावरून साडेसात. मधला फरक चार मिलिसेकंदांचा. कोपर ते मनगट हे अंतर मी शिंप्याच्या टेपने मोजते. ते बावीस सेंटिमीटर भरलं, तर वेग झाला सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळपास. निरोगी माणसाच्या हातातल्या नसेचा वेग साधारण पन्नासच्या वर असतो, पायातल्या नसेचा चाळीसच्या वर.

ताशी दोनशे हा आकडा ऐकून लोक चकित होतात. मला मात्र हा वेग किती कमी आहे याचंच पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. घरातलं बटण दाबल्यावर तारेतून विजेचा परिणाम जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पोचतो. नसेत तसलीच वीज वाहत असती, तर माझ्या मशीनला मोजायला काही उरलंच नसतं. नसेचा वेग मोजताच येणार नाही असं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठे शास्त्रज्ञही मानत होते. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाची नस घेऊन तिला दोन ठिकाणी धक्का दिला, स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक मोजला आणि सेकंदाला २७ मीटरच्या आसपास वेग काढून दाखवला. दोन जागा, दोन वेळा आणि मधलं अंतर ही त्याचीच रीत. पनवेलच्या खोलीत आजही मी तेच करते.

मग नसेतून जातं तरी काय? नस म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंची जुडी, आणि प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यातले सूक्ष्म पंप अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च करून सोडियमचे तीन कण बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात, हे काम ते अखंड करत असतात. या फरकामुळे आणि पोटॅशियमच्या बारीकशा गळतीमुळे पडद्याची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. ७० मिलिव्होल्ट म्हणजे फारच थोडं, असं वाटेल. पण पडद्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी आहे. त्या हिशेबाने सेंटिमीटरला एक लाख व्होल्ट इतका हा ताण पडतो. आपण झोपलेले असतानाही शरीरातली एकेक नस अशी ताणून तयार असते.

या पडद्यात सोडियमसाठी दारं आहेत. एका जागी ताण थोडा ढळला की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणभर धन होते. मिलिसेकंदाच्या आतबाहेर दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि ताण पूर्ववत होतो. पण तेवढ्यात शेजारच्या जागेचा ताण ढळलेला असतो, मग तिथली दारं उघडतात, मग त्याच्या पुढची. दिवाळीतल्या फटाक्यांच्या माळेत प्रत्येक फटाका स्वतःच्या दारूने उडतो आणि पुढच्याला पेटवतो. पहिल्याचा जोर शेवटच्यापर्यंत वाहून न्यावा लागत नाही. नसेचं तसंच आहे. संदेश मेंदूतून निघून बोटापर्यंत ‘वाहत’ येत नाही, वाटेतल्या प्रत्येक जागी तो नव्याने जन्मतो. म्हणूनच तो एक मीटर दूरच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जराही फिका न पडता पोचतो. आणि म्हणूनच त्याला वेळ लागतो.

ही दारं वेळेवर मिटणं किती महत्त्वाचं आहे ते आमच्याच रायगड जिल्ह्याने पाहिलं आहे. कोकणातल्या लाल विंचवाचं विष सोडियमची दारं नीट मिटू देत नाही. मग हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसा थांबतच नाहीत, अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले. रक्तवाहिन्यांवरचा हा मारा थोपवणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि गंभीर दंशातले तीस-चाळीस टक्के मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांचं काम मोठं वाटतं ते यासाठी की, मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर, खेड्यातल्या खाटेशी बसून त्यांनी नसेच्या वादळाची चाल ओळखली.

दारांचं हे गणित सुटलं ते माकुळामुळे, म्हणजे स्क्विडमुळे. उरणच्या करंजा बंदरावरून माकूळ पनवेलच्या बाजारात येतो, पाट्यावर मऊ पडून असतो. समुद्रात मात्र संकट दिसताच तो अंगातलं पाणी झोतासारखं फेकून मागे पळतो, आणि हा हुकूम पोचवण्यासाठी त्याच्याकडे अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा एक प्रचंड तंतू असतो. आपल्या तंतूंच्या मानाने हा अवाढव्य. याच कुळातल्या युरोपीय माकुळाच्या तंतूत बारीक तार घालून हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी ताणाचे चढउतार मोजले. १९५२ साली त्यांनी सोडियम आणि पोटॅशियमचा सगळा हिशेब समीकरणांत मांडला, त्यातली आकडेमोड हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर केली होती. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं.

पण माकुळाच्या त्या जाड तंतूचा वेग सेकंदाला वीस-पंचवीस मीटरच्या आसपास. आपल्या मनगटातला सर्वांत वेगवान तंतू त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाही जाड नसेल, तरी पंचावन्न मीटर जातो. हे साधतं मायलिनमुळे. श्वान पेशी नावाच्या पेशी तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेत थरावर थर चढवतात. सुमारे एक मिलिमीटर आवरण, मग एक उघडी फट, पुन्हा आवरण. सोडियमची दारं दाटीवाटीने असतात ती या फटींत. त्यामुळे संदेशाला कणाकणावर जन्मावं लागत नाही, तो एका फटीवरून पुढच्या फटीवर उडी घेतो. कोपर ते मनगट एवढ्या अंतरात अशा दोनेकशे उड्या होतात.

आवरण नसलेले बारीक तंतूही आपल्यात आहेत. ते सेकंदाला मीटरभर जातात, आणि रेंगाळणारी वेदना त्यांच्याकडून येते. पायाचं बोट उंबऱ्याला ठेचलं की ‘लागलं’ हे लगेच कळतं, कळ मात्र क्षणभर थांबून येते. त्या एका क्षणात दोन जातींच्या तंतूंचा वेग आपल्याला स्वतःच्या अंगावर मोजता येतो.

आता त्या दोन गोष्टींकडे येते. धक्का देताना मी त्याचा जोर हळूहळू वाढवत नेते. सुरुवातीला काहीच उमटत नाही. मग छोटी लाट येते, मग मोठी, आणि एका टप्प्यानंतर कितीही वाढवलं तरी ती तेवढीच राहते. एकेका तंतूला अर्धवट पेटणं ठाऊक नाही, तो पेटतो किंवा पेटत नाही. लाट वाढते ती अधिकाधिक तंतू सामील होतात म्हणून, आणि सगळे सामील झाले की थांबते. म्हणजे लाटेची उंची ही जिवंत तंतूंची साधारण मोजदाद झाली. आणि लाट किती उशिरा आली हे प्रामुख्याने त्यांच्या आवरणाची तब्येत सांगतं. वेग खाली आला तर आवरण बिघडलं. उंची खाली आली तर बहुधा तंतूच गेले. डॉक्टरांना बाकी पुष्कळ बघायचं असतं, पण माझ्या टेबलावरच्या माणसाचं पुढचं वर्ष कसं जाणार ते बरंचसं या दोन आकड्यांवर ठरतं.

पेण, हमरापूर, जोहे या भागातून गणपतीच्या आधीच्या महिन्यांत मूर्तिकार येतात. कारखान्यात दिवसरात्र रंगकाम चाललेलं असतं, आणि डोळ्यांच्या आखणीला बसणाऱ्याचं मनगट तासन् तास वाकलेलं राहतं. त्यांच्या पहिल्या तीन बोटांना रात्री मुंग्या येतात आणि ते हात झटकत उठून बसतात. अशा एका दादांची लाट मनगटावरून साडेतीनऐवजी सहा मिलिसेकंदांनी आली. वरचा, कोपर ते मनगट हा टप्पा मात्र चांगला होता, आणि लाटेची उंचीही शाबूत. नस मनगटातल्या बोगद्यात दबत होती, आवरण चेपलं होतं, तंतू जिवंत होते. आवरण पुन्हा चढतं. मनगटाला पट्टा, विश्रांती, गरज पडलीच तर छोटीशी शस्त्रक्रिया, आणि हात परत येतो. मला त्या लाटेकडे बघून मनापासून बरं वाटलं.

आषाढात शेतावरून लोक येतात. भाताची रोपं उपटताना दिवसभर उकिडवं बसून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस हाडावर दाबली जाते, आणि संध्याकाळी उठावं तर पाऊल लटकं पडलेलं असतं. घरात वाटतं, वारं गेलं. गुडघ्याच्या खाली धक्का दिला की लाट उंच येते, वर दिला की बसकी. म्हणजे संदेश नेमका त्या बोटभर जागेत अडतो आहे आणि त्याच्या खालचे तंतू धडधाकट आहेत. काही आठवड्यांत पाऊल उचलायला लागतं. संदेश जागोजागी जन्मतो म्हणूनच तो कुठे जन्मायचा थांबला ती जागा शोधता येते. या कामातली ही मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

मधुमेहाची कथा वेगळी. तिथे कोण्या एका जागी दाब नसतो. कमरेजवळच्या पेशीपासून पावलापर्यंत मीटरभर लांब तंतू, त्याच्या टोकापर्यंत रसद पोचवायची, आणि वाढलेल्या साखरेने तंतूही थकवलेला, त्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्याही. सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी हरतात. म्हणून मोजा घातल्यासारखा बधिरपणा दोन्ही पावलांतून एकदमच सुरू होतो. अशा पायांत वेग कधी कधी बराच टिकून असतो, पण पोटरीच्या खालच्या संवेदनेच्या नसेची उंची बसत जाते. ही लाट मुळातच काही मायक्रोव्होल्टची. ती पकडताना मी ट्यूब बंद करते, मोबाइलचे चार्जर काढायला लावते, “काका, पाय अगदी सैल सोडा” म्हणते आणि बऱ्याच धक्क्यांची सरासरी काढते. एवढं करूनही सपाट रेघ आली, तर काय गेलं आहे ते मला कळतं. तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला जेमतेम मिलिमीटर, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर. साखर आवरणं आणि ब-१२ तपासून घेणं, हे लाट अर्धी उरलेली असतानाच करायचं असतं.

थंडीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. हात गार असेल तर अंशामागे दोनेक मीटरने वेग घसरतो, उलट संवेदनेची लाट उंच दिसते, कारण गारठ्यात सोडियमची दारं सावकाश मिटतात. डिसेंबरात पहाटेच्या गाडीने आलेल्या माणसाचे हातपाय मी आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. न शेकता मोजलं तर धडधाकट माणसाला आजार चिकटेल.

आणि आता ज्या आजारामुळे मी या कामाकडे गांभीर्याने पाहू लागले, त्याबद्दल. पनवेलपासून जवळ, नेऱ्याला शांतिवन आहे. कुष्ठरोग निवारण समितीने कित्येक दशकं तिथे कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांना घर आणि काम दिलं आहे. आमच्या भागातल्या मोठ्या पिढीला कुष्ठरोग म्हणजे झडलेली बोटं, एवढंच माहीत असतं. पण तो जंतू बोटं खात नाही. त्याला शरीरातल्या गार जागा मानवतात, त्वचा आणि त्वचेलगतच्या नसा, आणि तिथे तो शिरतो श्वान पेशीत, म्हणजे आवरण करणाऱ्या पेशीतच. मग शरीर त्याच्याशी लढताना नस सुजते. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड हाताला लागते. आधी वेग जातो, मग उंची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकतं, हाताला चटका कळेनासा होतो, आणि न कळलेल्या भाजण्यांनी, कापण्यांनी, चिघळलेल्या जखमांनी पुढची हानी होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी असे हात सरळ करता करता थेट नसेच्या आत काय होतं याचा अभ्यास हाती घेतला, तो यामुळेच. हात वाचवायचा तर नस वाचवायला हवी.

२००५ च्या शेवटी देशात हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं जाहीर झालं. त्याचा अर्थ रुग्ण दहा हजारांत एकाहून कमी झाले, संपले नाहीत. रायगड, ठाणे, पालघरच्या पाड्यांवर ते आजही सापडतात. एकदा करंगळी सुन्न झाली म्हणून एक तरुण मुलगी आली. कोपरापाशी वेग एकदम खाली आलेला, उंची थोडी उतरलेली. टेप लावताना माझ्या हाताला ती जाड नस लागली आणि दंडावरचा फिकट डाग दिसला. डॉक्टरांनी त्याच दिवशी पुढची तपासणी केली. जंतू मारणारी औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, सुजलेली नस स्टेरॉइडने वेळेत शांत करता येते. पुढच्या तपासणीत तिची लाट उंच झाली होती, आणि बोट वाकलं नव्हतं.

माझ्या मशीनची एक मर्यादा इथेच सांगायला हवी. ते फक्त जाड, वेगवान तंतूंना ऐकतं. सेकंदाला मीटरभर चालणारे, ऊन-गार आणि वेदना सांगणारे बारीक तंतू त्याला दिसतच नाहीत, आणि कुष्ठरोगात त्वचेतले हेच तंतू सर्वांत आधी जातात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी, ज्या फिकट डागावर कापसाचा स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही, तो डाग डॉक्टरांना दाखवायलाच हवा. आशा सेविका घरी येऊन अंगावरचे डाग विचारतात तेव्हा संकोच करू नये.

उलट टोकाचा, झपाट्याने वाढणारा आजार पुण्याने २०२५ च्या सुरुवातीला पाहिला. पुणे परिसरात, मुख्यतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत, गिलाँ-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले. बहुधा दूषित पाण्यातून पोटाचा संसर्ग होतो, त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतात आणि काही दिवसांत पाय, मग हात, कधी श्वासही थकतो. तिथेही घरच्यांचा जीव ज्या उत्तरात अडकलेला असतो, ते याच दोन आकड्यांत असतं: हल्ला आवरणावर झाला आहे की तंतूवर.

म्हणून माझं सांगणं एवढंच. मुंग्या येणं म्हणजे नस अजून बोलते आहे. ती बोलत असताना या. बधिरपणा सरावाचा झाला, दुखणं आपोआप थांबलं, म्हणून बरं वाटून घेऊ नका. दुखणं सांगणारे तंतूच गेलेले असू शकतात. रिपोर्ट हातात आला की ‘नस चालू आहे ना’ एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना विचारा: वेग कमी झाला आहे की उंची? कुठल्या जागी? आणि जे उरलं आहे ते टिकवायला मी आजपासून काय करू? हे तीन प्रश्न विचारणारा माणूस टेबलावरून उठतो तेव्हा माझं काम पूर्ण झालं असं मला वाटतं.